जुनं सामान ऑनलाइन विकताना फसवणूक कशी टाळावी: जाहिरातीपासून वस्तू हातात देईपर्यंत

फ्रिज, दिवाण, मुलांची सायकल, जुना मोबाइल, स्कूटर. ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर या वस्तू विकायला काढणाऱ्या बहुतेकांची एक समजूत असते: फसतो तो विकत घेणारा, आपल्याला तर पैसे यायचेत, आपलं काय जाणार? भामटे याच समजुतीवर जगतात. विकणारा पैशांची वाट बघत बसलेला असतो, त्यामुळे 'पैसे पाठवतोय' म्हणणारा जे सांगेल ते तो करत जातो.

'ओटीपी कुणाला सांगू नका' हे आता सगळ्यांना पाठ आहे. तरी लोक फसतात, कारण व्यवहाराचा क्रम त्यांच्या मनात पक्का नसतो. क्रम असा: गिऱ्हाईक येतं, वस्तू बघतं, भाव ठरतो, पैसे पाठवतं, ते खात्यात जमा झालेत हे आपण स्वतः बघतो, आणि मगच वस्तू दाराबाहेर जाते. फसवणुकीचा कुठलाही प्रकार घ्या, यातली एखादी पायरी गाळलेली असते नाहीतर मागेपुढे केलेली असते. क्रम तुमच्या हातात ठेवायचा, एवढ्यासाठीच हे पुढचे टप्पे.

टप्पा १: जाहिरात टाकण्याआधी

घाईत हा टप्पाच गाळला जातो. फोटो काढले, टाकले, आणि दहा मिनिटांत फोन सुरू. तयारी मात्र फोन येण्याआधी झालेली हवी.

१. पैसे घेण्यासाठी कमी शिल्लक असलेलं खातं ठेवा. घरात एखादं दुसरं बचत खातं असतंच. त्यात हजार-दोन हजार ठेवा आणि यूपीआय अॅपमध्ये तेच मुख्य खातं करा, म्हणजे येणारे पैसे तिथेच जमा होतील. पगाराचं खातं आणि ज्याला मुदत ठेव जोडलेली आहे ते खातं व्यवहार संपेपर्यंत त्या अॅपमधून काढून टाका. काही बँकांच्या अॅपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा कमी करता येते, तीही करून घ्या. उद्या चूक झालीच, तर जाणारी रक्कम तेवढीच राहील.

२. त्या खात्याचे एसएमएस चालू आहेत ना, आणि बँकेचं अॅप उघडून शिल्लक बघता येते ना, हे तपासा. आजची शिल्लक कागदावर लिहून ठेवा. पुढे ती लागणार आहे.

३. फोटोंमधून माहिती बाहेर जाऊ देऊ नका. मोबाइल विकत असाल तर आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) झाका. बिलाचा फोटो टाकायचा असेल तर नाव, पत्ता, फोन नंबर झाका. मागे उघडं कपाट, देव्हाऱ्यातली चांदी, मुलांचे चेहरे असं काही येत नाही ना, ते बघा.

४. कमीत कमी किती भाव घेणार, तो आकडा घरात आधीच ठरवा. ठरलेला भाव नसला की पूर्ण किंमत देणारा माणूस देवासारखा वाटतो.

५. फोन कोण उचलणार, हेही ठरवा. फोन नंबर वडिलांचा आणि वस्तू मुलाची, अशी फार घरं आहेत. मुलगा ऑफिसात, वडील घरी, आणि समोरचा माणूस गोड बोलून वडिलांकडून सगळं करून घेतो. जो फोन उचलणार त्याने हा लेख वाचलेला हवा.

तपासा: अॅपमध्ये मुख्य खातं कोणतं दिसतंय? शिल्लक लिहून ठेवली का?

टप्पा २: जाहिरातीचा मजकूर

इथे थोडक्यात सांगतो. 'अर्जंट', 'बदली झाली, रविवारपर्यंत घर रिकामं करायचंय' असं लिहू नका. तुम्ही घाईत आहात, हे भामट्याला फुकटात कळतं. मजकूर असा ठेवा:

'सहा वर्षं वापरलेलं वॉशिंग मशीन, चालू स्थितीत. घरी येऊन, चालवून बघून घ्या. पैसे खात्यात जमा झाल्यावर लगेच घेऊन जा. कुरिअरने पाठवणार नाही. वाहतूक तुमची.'

फोन नंबर जाहिरातीत लपवता येतो, तो लपवा. सुरुवातीचं बोलणं साइटवरच्याच चॅटमध्ये होऊ द्या. 'व्हॉट्सअॅप नंबर द्या ना' असा आग्रह पहिल्याच वाक्यात आला तर सावध व्हा. साइट संशयास्पद लिंक अडवू शकते आणि तक्रार आली तर खातं बंद करू शकते. व्हॉट्सअॅपवर गेलात की ते संरक्षण सुटतं.

टप्पा ३: पहिला फोन

इथे सर्वांत जास्त लक्ष द्या. पैसे जातात पुढच्या टप्प्यात, पण माणूस गळाला लागतो तो इथेच.

खरं गिऱ्हाईक कसं बोलतं? मशीन किती वर्षांचं, बिल आहे का, ड्रायरचा आवाज येतो का, कितवा मजला, लिफ्ट आहे का, टेम्पो आत येतो का, आणि शेवटी 'फायनल किती?' ते घासाघीस करतं, कुरकुर करतं. ही कुरकुर चांगली खूण आहे, वैतागू नका.

भामट्याचा फोन साधारण असा असतो:

'सर, आपका वॉशिंग मशीन का ऐड देखा. अवेलेबल है? मैं आर्मी में हूँ, अभी पोस्टिंग पुणे में आई है. आप किसी और को मत देना, फुल पेमेंट मैं अभी कर देता हूँ. सामान उठाने गाड़ी आ जाएगी.'

मागोमाग व्हॉट्सअॅपवर गणवेशातला फोटो, कॅन्टीन कार्ड, आधार कार्ड. कुणी स्वतःला विमानतळावरच्या सुरक्षा दलातला म्हणवतो. हा प्रकार आपल्याकडे बरीच वर्षं चाललाय आणि अजूनही चालतो, कारण जवानावर शंका घ्यायला मन धजत नाही. ती ओळखपत्रं चोरलेली किंवा बनवलेली असतात, अनेकदा आधी फसलेल्या माणसाचीच. ओळखपत्राच्या फोटोवरून फोनवर कोण बोलतंय हे सिद्ध होत नाही. 'फौजी पे भरोसा नहीं है क्या?' असं कुणी विचारलं तर शांतपणे सांगा, 'भरवशाचा प्रश्न नाही, वस्तू बघायला कुणाला तरी पाठवा.' खरा जवान मित्राला पाठवेल किंवा सुट्टीच्या दिवशी स्वतः येईल.

तुम्ही तीन गोष्टी विचारा. एक, 'बघायला कधी येताय?' दोन, जाहिरातीतला एखादा तपशील: 'वरून लोड होणारं चालेल ना?' भामट्याने जाहिरात नीट वाचलेलीच नसते, तो सगळ्याला 'हाँ सर, चलेगा' म्हणतो. तीन, 'कुठे राहता, कोणत्या भागातून येणार?' खऱ्या माणसाला यातलं काहीच अवघड जात नाही.

या टप्प्यावर येणाऱ्या चार मागण्या सरळ नाकारायच्या:

- 'तुम्ही खरे आहात का बघायला एक कोड पाठवलाय, तेवढा सांगा.' तो सहा अंकी कोड बहुतेक वेळा तुमच्याच व्हॉट्सअॅपचा असतो. सांगितलात की तुमचं व्हॉट्सअॅप त्याच्या फोनवर सुरू होतं आणि तुमच्या नातेवाइकांकडे तुमच्या नावाने पैसे मागितले जातात.
- 'या लिंकवर खातं नंबर टाका, पैसे तिथे जमा केलेत.' पान हुबेहूब त्या साइटसारखं किंवा कुरिअर कंपनीसारखं दिसतं. पैसे घेण्यासाठी कार्डाचा नंबर, मागचे तीन अंक किंवा ओटीपी कुठेही लागत नाही.
- 'ही फाइल इन्स्टॉल करा', किंवा एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारखं अॅप घ्या. स्क्रीन दाखवणारं अॅप चालू असताना तुमच्या फोनवरचं सगळं समोरच्याला दिसतं, येणारे एसएमएससुद्धा.
- 'हा नंबर डायल करा.' चांदणीने (*) किंवा चौकटीच्या खुणेने (#) सुरू होणारा, पुढे दहा अंकी मोबाइल नंबर असलेला कोड सांगितला, तर ते कॉल फॉरवर्डिंग असतं. तुमचे फोन त्याच्याकडे वळतात, आणि फोनवरून येणारा ओटीपीही तिकडेच जातो.

इशारा: 'विकणाऱ्याची खात्री हवी' म्हणून तुमचं आधार किंवा पॅन कुणी मागितलं तर पाठवू नका. पुढच्या फसवणुकीत ते तुमच्या नावाने वापरलं जातं.

टप्पा ४: पैसे घेणं

नियम एकच, आणि त्याला अपवाद नाही: पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, कुठलंही बटण दाबावं लागत नाही. तुम्ही झोपलेले असलात तरी पैसे जमा होतात. पिन फक्त पैसे जाताना लागतो, नाहीतर शिल्लक बघताना.

फसवणूक नेमकी कशी होते, ते जवळून बघा. व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोडचं चित्र येतं. वर ओळखीच्या अॅपचं बोधचिन्ह, खाली '₹८,५०० मिळवण्यासाठी स्कॅन करा'. ही अक्षरं त्या माणसाने स्वतः टाईप केलेली असतात, अॅपचा त्याच्याशी संबंध नसतो. तुम्ही स्कॅन करता. पडद्यावर एक नाव येतं, रक्कम आधीच भरलेली असते, आणि टिपेच्या जागी 'रिफंड' किंवा 'रिसीव्ह' असं लिहिलेलं असतं. ती टीपही त्यानेच घातलेली. खाली बटण असतं 'पे'चं. ते दाबलंत की पिनचं पान उघडतं, त्यावर पुन्हा समोरच्याचं नाव आणि रक्कम. या दोन्ही पानांवर खरं काय ते लिहिलेलं असतं, पण फोनवरचा माणूस सतत बोलत राहतो: 'सर, जल्दी कीजिए, टाइम आउट हो जाएगा.' वाचायला उसंतच देत नाही. म्हणून पैशांच्या व्यवहाराच्या वेळी कॉल चालू ठेवायचा नाही. 'पाठवा, मी बघून फोन करतो' म्हणा आणि ठेवून द्या.

त्याआधी अनेकदा तो खरोखर एक किंवा पाच रुपये पाठवतो. ते जमा होतात आणि विश्वास बसतो. मग मोठ्या रकमेचा कोड येतो. पाच रुपये तुमच्या काही न करता जमा झाले होते, तसेच साडेआठ हजारही होतील, एवढंच ध्यानात ठेवा.

एक नवा गैरसमजही दूर करायला हवा. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवरची एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे मागण्याची 'कलेक्ट रिक्वेस्ट' बंद केली. त्यामुळे 'आता रिक्वेस्टची भानगड संपली' असं लोक धरून चालतात. व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या रिक्वेस्ट चालूच आहेत, क्यूआर कोड चालूच आहेत, ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापण्याची, मंजुरी मागणारे संदेशही येतात. पिनचं पान उघडलं की थांबायचं, मग ते कुठल्याही वाटेने उघडलेलं असो.

पैसे आलेत हे कसं तपासायचं

- समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट किंवा त्याच्या फोनवरची हिरवी खूण हा पुरावा नाही. असे पडदे तयार करून देणारी बनावट अॅप आहेत.
- एसएमएसवर एकट्यावर विसंबू नका. दहा अंकी मोबाइल नंबरवरून आलेला 'क्रेडिटेड'चा संदेश बँकेचा नसतो. बँकेचे संदेश अक्षरी नावाने येतात.
- स्वतःच्या बँकेचं अॅप स्वतः उघडा, शिल्लक बघा, मघाशी कागदावर लिहिलेल्या आकड्यात भर पडली का ते बघा. व्यवहारांच्या यादीत ती नोंद दिसली पाहिजे.
- 'एनईएफटी केलंय, येईल थोड्या वेळात' असं म्हणाला तर येईपर्यंत वस्तू घरात. एनईएफटीचे पैसे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या गटांनी पुढे जातात, त्यामुळे वेळ लागणं खरंही असू शकतं. तो थांबेल किंवा उद्या येईल.
- चेकवर वस्तू द्यायचीच नाही. चेक भरला म्हणजे वटला असं नाही.

'चुकून जास्त गेले, परत करा'

दोन हजारांऐवजी वीस हजार पाठवले गेले, असा रडवेला फोन येतो. आई दवाखान्यात आहे, अठरा हजार लगेच परत करा. सोबत 'क्रेडिटेड'चा एसएमएस. बहुतेक वेळा काहीच आलेलं नसतं, एसएमएस त्याने हाताने टाईप केलेला असतो. शिल्लक बघितलीत की प्रश्न मिटतो.

शिल्लक खरंच वाढलेली असली तरी मात्र स्वतःच्या हाताने परत करू नका. ते पैसे दुसऱ्या कुणाच्या खात्यातून उडवलेले असू शकतात. ज्याचे गेले तो तक्रार करतो, पैशांचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो, आणि बँक ती रक्कम किंवा पूर्ण खातंच गोठवते. तुम्ही परत पाठवलेत ते भामट्याकडे गेले, आणि चौकशी तुमची. फोन करणाऱ्याला सांगा, 'तुमच्या बँकेत तक्रार नोंदवा, मी माझ्या बँकेला कळवतो.' आणि खरोखर बँकेला लेखी कळवा.

याच कारणासाठी पैसे पाठवणाऱ्याचं नाव बघायची सवय लावा. वस्तू घेणारा एक आणि पैसे तिसऱ्याच परराज्यातल्या खात्यातून, असं असेल तर विचारा. नवरा-बायको, बाप-लेक असं नातं असेल तर ठीक. नीट उत्तर मिळालं नाही तर व्यवहार सोडा.

रोख घेत असाल तर दिवसा, आणि मोठी रक्कम असेल तर दोघांनी मिळून तुमच्या बँकेच्या शाखेत जाऊन खिडकीवरच भरून घ्या. नोटा मोजल्या जातात, तपासल्याही जातात. गाडी विकताना लक्षात ठेवा, एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही.

टप्पा ५: वस्तू हातात देणं

छोटी वस्तू असेल तर घरी बोलावू नका. दिवसा, सीसीटीव्ही असलेल्या वर्दळीच्या ठिकाणी भेटा. अवजड सामानासाठी घरी बोलवावंच लागतं, तेव्हा घरात दोघं तरी असा आणि वॉचमनला नाव सांगून ठेवा.

टेम्पोवाल्याबाबत सगळ्यात जास्त गडबड होते. भामटा खरोखरचा टेम्पो पाठवतो. चालक बिचारा प्रामाणिक असतो, त्याला भाडं मिळणार म्हणून तो आलेला असतो. हमाल मशीन उचलायला लागतात, तेवढ्यात फोन येतो, 'पेमेंट हो गया सर, चेक कीजिए', सोबत स्क्रीनशॉट. दारात माणसं उभी, लिफ्ट अडलेली, शेजारी बघतायत, संकोच वाटतो. अशा वेळी मशीन जागेवरच ठेवून बँकेचं अॅप उघडायचं. जमा दिसलं नाही तर टेम्पो रिकामा परत जाईल. त्याचं भाडं देणं तुमच्या अंगावर नाही. भामटा 'भाडं तुम्ही द्या, मी सगळं एकदम पाठवतो' असंही म्हणतो, तेही द्यायचं नाही.

मोबाइल किंवा लॅपटॉप विकताना: आधी गूगल किंवा अॅपल खात्यातून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट करा, सिम आणि कार्ड काढा, ईसिम असेल तर नव्या फोनवर हलवा. बँकेची आणि यूपीआयची अॅप नव्या फोनवर सुरू झाल्याची खात्री करूनच जुना फोन द्या. एका कागदावर आयएमईआय, तारीख, किंमत, घेणाऱ्याचं नाव आणि सही घ्या, त्याचं ओळखपत्र प्रत्यक्ष बघा. उद्या तो फोन कुठल्या गुन्ह्यात सापडला तर हा कागद कामी येतो.

स्कूटर किंवा कार विकताना: चाचणीसाठी गाडी एकट्याला देऊ नका. त्याने आणलेली जुनी मोटारसायकल 'ठेवून जातो' म्हणाला तर तीच चोरीची असू शकते. परवाना मूळ बघा, फोटो काढा आणि मागे बसा. पैसे जमा झाल्यावर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ लिहिलेली पावती. कोऱ्या फॉर्मवर सही करून देणं ही आपल्याकडची फार जुनी आणि महागात पडणारी सवय आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचंही काम आहे. नोंद तुमच्या नावावर असेपर्यंत मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका प्रकरणात अपघाताच्या भरपाईची जबाबदारी अशाच नोंदणीकृत मालकावर टाकली, गाडी पुढे दोन-तीन हातांत गेलेली असूनही.

तपासा: जमा स्वतः पाहिलं? पाठवणाऱ्याचं नाव जुळतंय? पावतीवर सही झाली? मग वस्तू द्या आणि जाहिरात 'विकली' करून बंद करा. चालू राहिलेल्या जाहिरातीवर फोन येतच राहतात.

टप्पा ६: पैसे गेलेच तर

लाज वाटून बसू नका, वेळ घालवू नका. गेलेले पैसे पुढच्या खात्यात पोचून तिथून निघायच्या आत अडवता येतात, म्हणून पहिला तास मोलाचा. क्रम हा:

१. समोरच्याशी बोलणं बंद. 'चुकून कटले, परत करायला अजून एक कोड पाठवतो' हे दुसरं जाळं असतं, आणि एकदा फसलेला माणूस घाबरून तेही करतो.

२. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम, वेळ, बँक आणि व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक हाताशी ठेवा. फोन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा.

३. बँकेला कळवा, यूपीआय आणि कार्ड बंद करायला सांगा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा घ्या. गूगलवर शोधलेले 'कस्टमर केअर' नंबर अनेकदा भामट्यांचेच असतात.

४. फाइल किंवा स्क्रीन दाखवणारं अॅप घेतलं असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा आणि वरची कामं दुसऱ्या फोनवरून करा. कोड डायल केला असेल तर ##००२# डायल करून सगळं फॉरवर्डिंग काढा. व्हॉट्सअॅप गेलं असेल तर स्वतःच्या नंबरने पुन्हा नोंदणी करा आणि घरच्यांना, गटांना कळवा.

५. चॅट, क्यूआर कोडचं चित्र, त्याची प्रोफाइल, कॉलची यादी, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. रागाच्या भरात चॅट पुसू नका. जाहिरातीच्या साइटवर त्या खात्याची तक्रार करा. पैसे गेले नसतील, फक्त प्रयत्न झाला असेल, तरी तो नंबर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षु' या तक्रार सुविधेत नोंदवता येतो.

६. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. 'हे आमच्या हद्दीत नाही' असं उत्तर मिळालं तर शून्य एफआयआरचा आग्रह धरा. हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची नोंद कुठल्याही ठाण्यात करता येते.

तक्रारीनंतर काही दिवसांनी 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला फी भरा' असा फोन येऊ शकतो. तक्रार नोंदवायला किंवा अडवलेले पैसे परत द्यायला पोलीस किंवा १९३० कुठलीही फी घेत नाहीत. असा फोन आला तर तो नंबरही त्याच तक्रारीला जोडा.